तीर्थापाशी घडी घातलेला पंचा

“फुलाची बाजू वर, गाठींची बाजू खाली. एवढं ध्यानात ठेव गो बाय. उलटा पसरलास तर गाळलं काय नि न गाळलं काय, सारखंच.”

हे बोल ॲडेलिनबाईंचे. दाताने लाल दोरा तोडता तोडता त्यांनी ते सांगितले आणि मला आवडाबाईंच्या हातात दिलं. मी तेव्हा कोरा होतो. अंगाला खळीचा वास होता. आता मी एक जुना पंचा आहे, मित्रांनो. मधोमध विरलो आहे, दोन ठिकाणी ठिगळ आहे आणि कडेच्या दशा कधीच गळून गेल्या आहेत. पण त्या बाईंचं सांगणं मी एक दिवसही विसरलो नाही. विसरतात ती माणसं. पंच्याला कुठे विसरता येतं?

आधीच सांगून टाकतो, मी थोडा चिडका आहे. देवाचं नाव घेऊन चिडतो, आवाज न चढवता चिडतो, पण चिडतो. माझी हकीकत ऐकलीत तर तुम्हीही चिडाल. चिडावं अशीच माझी इच्छा आहे.

माझा जन्म ठाण्याचा. ॲडेलिनबाईंचे यजमान इनास हे तिथल्या ख्रिस्ती विणकरांच्या आळीतले. त्यांच्या वाडवडिलांनी रेशीम विणलं होतं, पण आता रेशमाला गिऱ्हाईक उरलं नव्हतं. आगगाडी सुरू होऊन पंचवीसेक वर्षं झाली होती आणि मुंबईच्या गिरण्यांचं स्वस्त कापड डब्यांतून भरभरून येत होतं. इनास मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसत आणि येईल ते विणत. हात मात्र रेशमाचेच राहिले होते. पंचा विणायचा तर तोही असा घट्ट आणि एकसारखा विणायचे की शेजारी हसत. “अरे इनास, अंग पुसायचंय त्याला, लग्नात नेसायचं नाहीये!”

आवडाबाई बाळकुमच्या. डोक्यावर भाजीची पाटी घेऊन त्या ठाण्याला यायच्या आणि बोलायच्या इतक्या हळू की गिऱ्हाइकाला भाव दोनदा विचारावा लागे. त्यांचे यजमान नारूने गेले होते. नारू म्हणजे काय हे तुम्हाला ठाऊक नसेल, आणि नसेल तर देवाची कृपा म्हणा. पाण्यातून पोटात काहीतरी जातं, वर्षभर कळत नाही, आणि मग एक दिवस पायाला फोड येऊन त्यातून पांढऱ्या दोऱ्यासारखा लांबलचक किडा निघू लागतो. ओढून काढावा तर तुटतो, आणि तुटला की पाय भोपळ्यासारखा सुजतो. आवडाबाईंच्या यजमानांचा असाच तुटला, आणि त्यातच ते गेले. तेव्हापासून बाईंचा नेम होता. सोमवार, एकादशी, तुळशीला पाणी हे तर होतंच. पण त्यांचा सगळ्यांत मोठा नेम हा, की गाळल्याशिवाय पाण्याचा थेंब तोंडात घालायचा नाही आणि घरच्यांनाही घालू द्यायचा नाही.

म्हणून त्या इनासकडे आल्या होत्या. “घट्ट विणीचा द्या. आमी नऊ माणसं पायी जातो झरेश्वराला. वाटेत सगळ्यांना पाणी मलाच गाळावं लागतं.” इनासनी मला काढून दिलं. मग ॲडेलिनबाईंनी एका कोपऱ्यात लाल दोऱ्याचं लहानसं फूल टाकलं. सुलट बाजूला फूल, उलट बाजूला नुसत्या गाठी. चार पदरी घडी अशी घालायची की फूल वर येईल. घाण बसते ती फुलाच्या बाजूला. पुढच्या विहिरीवर कुणी उलटा पसरला तर मागच्या विहिरीची घाण सरळ घागरीत. एवढं सोपं आहे. पण सोपं आहे तेच माणसांना जमत नाही, हे मला पुढे कळलं.

झरेश्वर म्हणजे कल्याणच्या पलीकडे डोंगरात दडलेलं एक महादेवाचं देऊळ. चैत्री पौर्णिमेला तिथे जत्रा भरे. बाळकुमहून कशेळीची खाडी तरीने, म्हणजे होडीने, ओलांडायची, कोनगावावरून कल्याणची खाडी पुन्हा तरीने ओलांडायची आणि मग डोंगरवाट धरायची. तीन दिवसांची चाल. ठाण्याहून कल्याणला आगगाडी जात होती, पण नवस पायांनी बोललेला होता. तो चाकांनी कसा फिटणार?

घरचे चौघे आणि शेजारपाजारचे पाच असा मेळा होता, आणि त्याचे पुढारी होते आवडाबाईंचे दीर धोंडीबा. धोंडीबा कुठेही निघाले की आधी सगळ्या पाड्याला कळायचं. देवळाला निघाले तरी आरडाओरडा, शेताला निघाले तरी आरडाओरडा. मनाने वाईट नव्हते, पण तोंडाला झाकण नव्हतं. बाईंचा मुलगा मधु मिठागरात काम करी. तो तोंडातून शब्द काढायचा नाही. काकांनी सगळे वापरून टाकले म्हणून असेल. मधुची बायको द्वारका होती डोंबिवलीची. डोंबिवली तेव्हा खाडीकाठचं लहान खेडं होतं. पाच वर्षं झाली होती लग्नाला, आणि आवडाबाई तिला सून म्हणत नसत, “पोरी” म्हणत. पाणी गाळायची पद्धत त्यांनी तिला एकटीलाच नीट शिकवली होती.

पहिल्या दिवशी भर दुपारी एका विहिरीवर सगळे थांबले. आवडाबाईंनी मला घागरीच्या तोंडावर चार पदरी पसरलं, मधोमध मुठीने खळगा केला आणि पोहऱ्यातलं पाणी बारीक धारेने सोडायला लागल्या. धोंडीबा सावलीत बसून ओरडले, “वहिनी, तुझं गाळून होईस्तवर मी वाळून जाईन गो!”

“वाळा जरा,” बाई हळूच म्हणाल्या. “वाळलेलं ओझं कमी होतं.”

सगळे हसले, धोंडीबासुद्धा. त्या दिवशी नऊ माणसांनी माझ्यातून उतरलेलं पाणी प्यायलं. मला काय वाटलं ते कसं सांगू! माझ्या अंगावर काडीकचरा, शेवाळ आणि टुणटुण उड्या मारणारे बारीक जीव राहिले. बाईंनी मला त्याच विहिरीच्या पाण्याने उलटीकडून खळबळलं, ते जीव कडेच्या डबक्यात सोडले आणि मला उन्हात वाळत घातलं. त्यांना कुणी शिकवलं होतं कोण जाणे; पण जीव मारायचा नाही आणि पोटातही घ्यायचा नाही, असं त्यांचं धोरण होतं.

पण बाकीच्यांचं काय सांगू! धोंडीबांनी माझं मुंडासं बांधलं. मी म्हटलं, जाऊ दे, ऊन आहे. मग माझ्यात कैऱ्या बांधून आणल्या. मग घाम पुसला. दुसऱ्या दिवशी मधुने आईला मदत करायची म्हणून मला पसरलं ते गाठींची बाजू वर करून. मागच्या विहिरीचं जे काही माझ्या घड्यांत उरलं होतं ते सगळं घागरीत. बाईंनी एक नजर टाकली आणि भरलेली घागर ओतून दिली. माणसं तहानेने व्याकूळ, आणि ह्या बाई पाणी ओततात!

“आये, येवढंसं तर उलटं झालं,” मधु म्हणाला. त्या दिवसातलं त्याचं हे एकच वाक्य.

“तुझ्या बापाच्या पोटात येवढंसंच गेलं होतं,” बाई म्हणाल्या आणि पोहरा पुन्हा विहिरीत सोडला.

तिसऱ्या दिवशी सकाळी झरेश्वर दिसला. आणि नेमकी त्याच सकाळी द्वारकेवर चार दिवस दूर बसायची वेळ आली. त्या काळी अशा बाईने देवळाजवळ जायचं नसे, कुणाला शिवायचं नसे. तीन दिवस पायपीट करून आलेली पोर देवळापासून शंभर पावलांवर एका करंजाखाली जाऊन बसली. डोळ्यांत पाणी होतं.

देवळापुढे कुंड होतं. पाणी आरशासारखं. तळाचं नाणं दिसावं असं. पायऱ्यांवर माणसांची ही गर्दी. कुणी पाय बुडवून बसलेले, कुणी धोतर पिळताहेत. एक म्हातारा पायाची पट्टी सोडून जखम पाण्यात धरून बसला होता, “बरं कर रे महादेवा” म्हणत. मी आवडाबाईंच्या खांद्यावरून ते पाहिलं. जखमेतून पांढरा दोरा लोंबत होता. मी सुताचा आहे, मित्रांनो, दोरा कुठला आणि किडा कुठला हे मला कळतं.

बाईंनी नेहमीप्रमाणे घागरीवर मला पसरलं. तेवढ्यात देवळाचे गुरव आले. त्यांना सगळे भाऊ म्हणत.

“काय करतेस बाई?”

“पाणी गाळते, भाऊ.”

“पाणी?” भाऊंचे डोळे कपाळात गेले. “हे तीर्थ आहे! महादेवाच्या पायाखालून आलंय. गंगा आहे ही. तू गंगा गाळणार? देवाला सांगणार, थांब, तू स्वच्छ आहेस का बघते?”

आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली. धोंडीबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. “वहिनी, उचल ते फडकं. चार लोकांत शोभा करतेस? अगो, विहिरीचं गाळायचं ते ठीक. तीर्थ कोण गाळतं?”

आवडाबाई माझ्याकडे बघत राहिल्या. कुंडाकडे बघितलं. मग देवळाकडे. मी जिवाच्या आकांताने ओरडत होतो, बाई, उचलू नका! तो म्हातारा बघा, तो पाय बघा! पण पंच्याचा आवाज कुणाला ऐकू येतो? एकीकडे बाईंचा नेम होता, एकीकडे देव, आणि दोन्ही एकाच बाईच्या मनात भांडत होते. देवाचा अपमान आपल्या हातून व्हायला नको, म्हणून त्यांनी नेम सोडला. मला उचललं आणि घडी घातली.

ती घडी मला आजही सलते. त्या बाईवर मी कधी रागावलो असेन तर त्या एकाच क्षणी. नंतर वाटलं, रागावून काय उपयोग? ज्या बाईने सगळा जन्म देवाला हात जोडले, तिच्यासमोर तुम्ही देवालाच उभं केलंत तर ती काय करणार?

सगळ्यांनी तीर्थासाठी ओंजळी पुढे केल्या. मधु प्यायला. बाई प्यायल्या, डोळे मिटून. दिवसभर तेच पाणी, रात्री तेच, निघताना तांब्या भरून तेच.

पण द्वारकेला तीर्थ मिळेना, कारण ती शिवायची नव्हती. बाईंनी मला आणि एक तांब्या दुरून तिच्याकडे टाकला. “पोरी, कुठलंही मिळालं तरी गाळून घे.” करंजामागे ओढा होता, चैत्रात आटलेला, मधे एक गढूळ डबकं. गुरं उतरायची त्यात. द्वारकेने ते पाणी घेतलं, फूल वर करून मला पसरलं आणि गाळलं. एकदा नाही, दोनदा. माझ्या अंगावर जे उरलं ते पाहून मला शिसारी आली. पण तांब्यात उतरलं ते पाणी होतं. कुंडाच्या काठावर सगळे आरशासारखं पाणी पीत होते आणि ही गुरांच्या डबक्याचं. कुणीही म्हणालं असतं, काय नशीब पोरीचं!

आम्ही दोघं तिथे बसलो असताना आणखी एक गंमत पाहिली. धोंडीबा देवळातून बाहेर आले, इकडेतिकडे बघितलं आणि करंजावरून सरळ पलीकडच्या पाड्याकडे गेले. जाताना द्वारकेवर नजर पडली.

“कुठं काका?” तिने विचारलं.

“ओळखीचा एक आहे इथं,” धोंडीबा म्हणाले. संध्याकाळी परत आले तेव्हा पाऊल जरा तिरकं पडत होतं आणि मिशीला ताडीचा वास होता. द्वारका हसली नाही. पदर तोंडाला लावला एवढंच. चुलत सासऱ्याचं असलं काही सून बघत नसते, आणि बघितलं तर सांगत नसते.

परतीच्या वाटेवर मला द्वारकेने वापरलेला म्हणून कुणी शिवेना. आवडाबाई पदराने पाणी गाळत होत्या. घरी आल्यावर मी धुतला गेलो, ऊन खाल्लं, पण धोंडीबांनी फर्मान काढलं, “ते फडकं आता देवाच्या वाटेला घ्यायचं नाही.” मला घडी करून कुडाच्या भिंतीत खोवलं. वर चुलीचा धूर, खाली कोंबड्या. वर्षभर मी तिथे होतो. ज्या हातांनी माझी रेशमासारखी वीण विणली, त्या इनासना हे दिसलं असतं तर?

वर्षभर काही झालं नाही. नारू असाच असतो. तो घाई करत नाही.

फाल्गुनात होळीच्या आधी मधुच्या घोट्याला फोड आला. आग आग व्हायला लागली. चार दिवसांनी फोड फुटला आणि पांढरं टोक दिसलं. मग शेजारच्या घरात एकाला. मग दुसऱ्याला. मग आवडाबाईंच्या पोटरीला. झरेश्वराला गेलेल्या नऊ माणसांपैकी सात जण पाय धरून बसले. काडीला किडा गुंडाळायचा, रोज बोटभर ओढायचा, तुटेल म्हणून श्वास धरायचा. मिठाचा हंगाम चालू, आणि मधु ओटीवर पाय पसरून बसलेला. त्याचं मिठागरातलं काम दुसऱ्याने धरलं.

मग सगळे बसले आणि विचार करू लागले की हे कशाने. आता ऐका, मित्रांनो, आणि चिडा. त्यांना जागा बरोबर सापडली. “गेल्या चैत्रात झरेश्वराला काहीतरी झालं,” धोंडीबा म्हणाले. मी कुडात ताठ झालो. म्हटलं, आता कळणार. आता म्हणणार, कुंडाचं पाणी! आणि धोंडीबा म्हणाले, “देवाच्या दारात आपण विटाळ नेला. आणि वर वहिनीने तीर्थावर फडकं धरलं. देव कोपला.”

धन्य! अगदी धन्य! विहिरीच्या पाण्याने नारू होतो हे ह्या सगळ्यांना ठाऊक होतं. बाईंचा नवरा त्यानेच गेला होता. पण तीर्थाने कसा होईल? म्हणून पाणी निर्दोष, आणि मी दोषी, आणि ती गरीब पोर दोषी. ती सात जणांसारखी आजारी पडली असती तर निदान दया तरी आली असती. पण ती चालत होती. विहिरीवर जात होती, सातही जणांच्या काड्या गुंडाळत होती, नवऱ्याला आणि सासूला न्हाऊ घालत होती. “बघा, तिला काही झालं नाही!” बायका म्हणायला लागल्या. “सगळ्यांवर हिने ओढवलं आणि स्वतः धडधाकट!” ती चांगली राहिली हाच तिचा गुन्हा झाला.

धोंडीबाच सगळ्यांत मोठ्याने बोलत होते. का ते मला माहीत होतं. देवाच्या नवसाला जाऊन ताडी पिणाऱ्याला सगळ्यांत आधी दुसऱ्याकडे बोट दाखवावं लागतं. “तिला माहेरी पाठवा. निदान घर शुद्ध होईस्तवर.” मधु मान खाली घालून बसला. आवडाबाईंना ताप होता, बोलायचं त्राण नव्हतं. आणि घर शुद्ध होईस्तवर म्हणजे केव्हापर्यंत, हे कुणी विचारलं नाही. अशा पाठवलेल्या सुना परत येत नाहीत, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. पाड्यात मधुसाठी दुसरी मुलगी बघायच्या गोष्टीही निघाल्या होत्या.

निघताना द्वारका सासूच्या पाया पडायला वाकली. दुरूनच, कारण दोष तिच्यावर आल्यापासून तिने कुणाला शिवायचं नव्हतं. कुणावर आळ न घेता तिने एवढंच म्हटलं, “आत्याबाय, नऊ जण गेलो, सात पडले. मी चालते आणि काका चालतात. आमी दोघांनी काय केलं नाही, ते एकदा बघा.”

आणि ती बोचकं घेऊन बापाबरोबर खाडीकडे निघून गेली.

आवडाबाई पंधरा दिवस अंथरुणावर होत्या. सोमवार चुकला नाही, पण त्या वेळी जप करताना मधेच थांबायच्या. मी वरून बघत होतो. एका सकाळी त्यांनी मधुला सांगितलं, “तो पंचा काढ कुडातून. धुऊन उन्हात घाल.” धुरकटलेला, कोळिष्टकं लागलेला मी बाहेर आलो. मग त्यांनी धोंडीबांना बोलावलं. धोंडीबा कडुनिंबाचा पाला घेऊन आले. पाल्याने काही होत नाही, पण रिकाम्या हाताने कसं यायचं?

“बसा भावजी. एक विचारू? रागवू नका.”

“विचार ना, वहिनी.”

“झरेश्वराला तुमी तीर्थ किती प्यायलात?”

“प्यायलो म्हणजे... डोळ्यांना लावलं. डोईवर शिंपडलं.”

“पोटात?”

“पोटात जागा नव्हती गो.”

“उपास होता ना तुमचा?”

“उपासच होता.”

“मग जागा कशानं भरली?”

धोंडीबा पाल्याची पानं खुडू लागले. एक खुडलं, दोन खुडली. ओटीवर ढीग झाला. मग इतक्या हळू म्हणाले की मला वाटलं आवडाबाईच बोलल्या. “ताडीनं.”

बाई हसल्या नाहीत आणि चिडल्याही नाहीत. (मी असतो तर!) म्हणाल्या, “म्हणजे सात जणांनी तीर्थ प्यायलं आणि सातही जण पडले. दोघांनी नाही प्यायलं. एक तुमी, एक पोरगी. तिनं डबक्याचं प्यायलं, पण गाळून.”

“वहिनी!” धोंडीबा दचकले. “देवाच्या पाण्यानं नारू? सोमवार करणारी बाय तू, हे काय बोलतेस?”

“देवाच्या पाण्यानं नाही. त्या पाण्यात माणसं पाय धुतात, जखमा बुडवतात. ते देवाचं नाही, माणसांचं आहे. मी गाळलं असतं तर माणसांचं वर राहिलं असतं आणि देवाचं खाली उतरलं असतं.” बाईंनी दोरीवरच्या माझ्याकडे बोट केलं. “देव काय एवढा जाड आहे भावजी, की पंच्यात अडकून बसेल?”

मी दोरीवर वाळत होतो. वारा नव्हता, तरी मी हललो असेन.

“माझा नेम मी मोडला,” बाई म्हणाल्या. “गुरवाच्या शब्दाला भ्याले. त्याचं प्रायश्चित्त मी माझ्या पायानं भोगते. पण पोरीनं कशाला भोगायचं? तिला तुमी घालवलीत, तुमीच आणा. मधुला पाय नाहीत, मला नाहीत. आणि तिच्या बापासमोर सांगा, का आणताय ते.”

“सांगतो ना. नारू पाण्याचा होता म्हणून सांगतो.”

“सगळं सांगा.”

“ताडीचं पण?”

“ताडीचं पण. तुमी तीर्थ प्यायला नाहीत हे कळल्याशिवाय पोरगी सुटते कशी?”

धोंडीबांनी वर आढ्याकडे बघितलं, खाली पाल्याकडे बघितलं. “चारचौघांत नाक कापलं जाईल गो.”

“तिचं कापलंच गेलंय. आण नका घेऊ देवाची. नुसतं हो म्हणा.”

उरलेला पाला खाली ठेवून ते “हो” म्हणाले.

मग चार दिवस गेले. पहिल्या दिवशी धोंडीबांची बैलगाडी मोडली होती. दुसऱ्या दिवशी अमावस्या निघाली. तिसऱ्या दिवशी गुडघा दुखत होता, आणि चौथ्या दिवशी तर कारणही सांगितलं नाही, नुसते दिसलेच नाहीत. आवडाबाईंनी एकदाही विचारलं नाही. मी मात्र दोरीवर तळमळत होतो. शेजारची दोन नारूवाली घरं पाणी तसंच, न गाळता, पीत होती, पाड्यात मुलगी बघायचं बोलणं पक्कं होत आलं होतं आणि डोंबिवलीला एक पोर रोज खाडीकडे बघत असणार.

मित्रांनो, मी तुमच्याकडे फार काही मागत नाही. मला रेशमासारखं जपा असं म्हणत नाही. मी विरेन, फाटेन, माझी जागा दुसरा कुणी पंचा घेईल. पण तुमच्यापैकी कुणी कुठे लांब चालत गेलात, डोंगरात, जत्रेला किंवा नुसतंच हिंडायला, आणि चार माणसांसाठी पाणी तुमच्या हातून जाणार असेल, तर ते गाळा. पाणी कितीही निर्मळ दिसलं, कितीही पवित्र असलं आणि कुणीही मोठं माणूस “हे कशाला” म्हणालं, तरी गाळा. मोठ्याने भांडू नका. हळू बोला, पण हात थांबवू नका. आणि घरात कुणी धडधाकट राहिलं, तर तिला दोष देण्याआधी तिने काय केलं आणि काय केलं नाही, ते विचारा. एवढं केलंत तर माझ्यासारख्या पंच्यांना ओरडावं लागणार नाही.

पाचव्या दिवशी सकाळी आवडाबाई काठी टेकत तुळशीला पाणी घालायला अंगणात आल्या होत्या. धोंडीबा कुंपणाच्या कडेने आले. ओरडले नाहीत, खाकरलेही नाहीत. शेजारच्यांना हाक नाही, मधुला हाक नाही. दोरीवरून मला काढलं, खांद्यावर टाकलं आणि तसेच खाडीकडे वळले. आवडाबाईंनी पाहिलं होतं. पण त्यांनी मान वळवली नाही. तुळशीला पाणी घालत राहिल्या.

भरती चढत होती. वर डोंबिवलीकडे जाणारी होडी सुटायच्या बेतात होती. नावाड्याने वाट दिली आणि विचारलं, “आज इतके गप काका? कुठं निघालात?”

“सुनेला आणायला,” धोंडीबा म्हणाले आणि होडीच्या नाळेशी, अगदी पुढच्या टोकाला, जाऊन बसले. होडी काठापासून सुटली. ते पुढच्या पाण्याकडे बघत, पाठ केलेलं विसरू नये म्हणून मूल घोकतं तसं ओठातल्या ओठात काहीतरी घोकत होते.